रोजचं पान आणि काकांच्या घरचं पाणी

आमच्या घराच्या कौलांवर बांबूचा कठडा होता. उतरत्या कौलांवर, चारी बाजूंनी. तिथं कुणी चढत नसे. चढलंच तर मांजर, आणि मांजराला कठडा लागत नाही. शहापूरहून मुरबाडला जाणारी एस.टी. अंगणासमोरून जायची तेव्हा खिडकीतली माणसं माना वळवून बघायची. शाळेत मला 'कठडेवाल्यांची' म्हणत. हे सगळं एका पुस्तकातल्या एका ओळीमुळे झालं होतं आणि ती ओळ मीच वाचून दाखवली होती, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती.

नव्वदचं दशक होतं, मी आठवीत होते. श्रावणात भातातलं तण बेणताना बाबांना फुरसं चावलं. मुरबाडच्या वाटेवर मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, तिथं त्यांना नेलं. पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तिथल्या केरळच्या सिस्टरनं पाच दिवस त्यांना सोडलं नाही. घरी निघताना बाबा हात जोडून म्हणाले, "सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू?" त्यांनी हसत फडताळातून मराठी बायबल काढलं. चांगलं जाडजूड, विटेएवढं. म्हणाल्या, "रोज एक पान वाचा. त्यात सांगितलं असेल ते त्याच दिवशी करा. बस." बहुधा त्या सगळ्यांनाच असं सांगत असाव्यात आणि कुणी मनावर घेत नसावं. बाबा म्हणाले, "शब्द दिला."

सिस्टरला दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या. एक, बाबांना वाचता येत नव्हतं, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटली. दुसरी, बाबांनी शब्द दिला की पुढं काय होतं.

दुसऱ्या गोष्टीचा नमुना वीस पावलांवर राहत होता. तो म्हणजे आमचे काका, बाबांचे धाकटे भाऊ. लहानपणी घरात शाळेत जाण्याजोगी दोन मुलं आणि पाटी एक. बाबांनी दुसरीतून नाव काढलं आणि गुरांमागे गेले. काका सातवीपर्यंत शिकले आणि वाशिंदच्या कारखान्यात लागले. पुढं घरं वेगळी झाली तरी दोघांनी मिळून म्हसा गावच्या जत्रेतून बैलांची जोडी आणली होती. उजवा आमच्या गोठ्यात, डावा काकांच्या. एकदा काकांनी न विचारता आमचा उजवा शर्यतीला नेला आणि लंगडत परत आणला. बाबा चारचौघांत त्यांना बोलले. काकाही चारचौघांतच म्हणाले, "तुज्यासारख्या अंगठेबहाद्दराला काय कळतंय?"

बाबांनी उजव्याचं दावं हातात घेतलं. मग म्हणाले, "आजपासून तुज्या घरचं पानी पिनार नाय."

बस. त्यानंतर दोघांत एक अक्षर नाही. बैल मात्र एकमेकांशी बोलत असावेत, कारण नांगरणीच्या दिवसांत काकी पहाटे डाव्याचं दावं सोडायची आणि तो आपला आपण आमच्या अंगणात येऊन उजव्याशेजारी उभा राहायचा. दुपारपर्यंत आमचं रान, मग दोघं काकांच्या रानात. वर्षभर असं चाललं होतं. मला काकी फार आवडायची. तिच्या घरी जायला मला बंदी नव्हती, पण तिथून आल्यावर बाबा माझ्याकडे असे बघायचे की जेवण घशाखाली उतरत नसे. ही तहान कधी फिटणार आहे का, हा एकच प्रश्न आमच्या दोन्ही घरांत होता आणि कुणीच तो विचारत नव्हतं.

आणि आता त्यात बायबल आलं.

बाबांना पुस्तक वाचायची एकच रीत माहीत होती, ती म्हणजे पोथीची. सकाळी आंघोळ, चौरंग, वर धुतलेलं फडकं, फडक्यावर बायबल, त्याला हळदकुंकू, शेजारी उदबत्ती. मी पाटावर, केस ओले, शाळेचं दप्तर दाराशी तयार. बाबा समोर मांडी घालून, हात जोडून. पहिल्या दिवशी गावात कुजबुज झाली की हा बाटला. दोघे-तिघे वडीलधारे जाब विचारायला आले, हळदकुंकू बघून ओसरीवर टेकले आणि शेवटी साखर-खोबऱ्याचा प्रसाद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आली आणि पोटदुखीवर कुठला अध्याय आहे ते विचारू लागली. मी तिला सांगितलं की अजून जग तयार होतंय, पोटं नंतर येतील.

वाचून झालं की बाबांचा एकच प्रश्न असायचा, "हे कुनाला सांगितलंय?" हा प्रश्न त्यांनीच शोधून काढला, आणि त्यामुळे आम्ही वाचलो. एका माणसाला देवानं जहाज बांधायला सांगितलं ते पान आलं तेव्हा आईचा चेहरा पडला होता. बाबांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "नाव घेऊन सांगितलंय. ते त्याचं काम. आपल्याला नाय." नाव न घेता सगळ्यांना सांगितलेलं असेल तर मात्र सुटका नव्हती. शेताचे कोपरे कापू नका, गरिबांसाठी ठेवा, असं एका पानावर निघालं. तेव्हा कापणी होऊन गेली होती, म्हणून ती आज्ञा वर्षभर बाकी राहिली आणि पुढच्या कापणीला पाळली गेली. चारी कोपऱ्यांत भात उभं. ते काकांच्या शेळ्यांनी खाल्लं. बाबा बांधावर उभे राहून मला विचारत होते, "शेळी गरिबात येते काय गो?" मी म्हटलं, शेळीचं लिहिलेलं नाही. मग त्यांनी हाकलल्या नाहीत.

कठडाही असाच आला. घर बांधशील तर छपराला कठडा कर, कुणी पडलं तर दोष तुझ्यावर, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी म्हटलं, "बाबा, त्यांची घरं सपाट असतील." बाबा म्हणाले, "घर सपाट असंल तरच, असं लिहिलंय?" तसं लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बांबू कौलांवर चढले. चढवताना बारा कौलं फुटली आणि पावसाळाभर आम्ही घरात टोपल्या मांडून जेवलो. लोक विचारत, "कोन बसनार हाय रे तिथं?" बाबा म्हणत, "जो बसंल तो पडनार नाय."

त्याच पानावर, कठड्याच्या खाली दोन-तीन ओळी सोडून, बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये असं होतं. ही आज्ञा बाबांना इतकी आवडली की त्यांनी ती मला तीनदा वाचायला लावली, तिसऱ्यांदा मोठ्यानं, काकांच्या घराकडे तोंड करून. पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला.

एकदा सिस्टर जीपनं त्या बाजूला आल्या होत्या. कठडा बघून थांबल्या. बाबांनी अभिमानानं सांगितलं, "तुमच्याच पुस्तकात हाय." बिचाऱ्या कपाळाला हात लावून हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, शब्द नाही, अर्थ बघायचा असतो. मनात विश्वास पाहिजे." बाबा म्हणाले, "अर्थ तुमी बघा. मी सांगितलेलं करतो. विश्वासाचं मला काय कळत नाय." सिस्टर जीपकडे वळल्या. जाताना त्यांनी कठड्याकडे पुन्हा बघितलं, पण या वेळी हसल्या नाहीत.

मी त्या वेळी बाबांना वेडं समजत होते. रागही यायचा. सगळ्या मुली उठून शाळेत जातात आणि मी पहाटे कुणाकुणाच्या वंशावळी वाचते! अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. त्या नावांवर माझी जीभ अडखळायची, आणि बाबा प्रत्येक नावाला मान हलवायचे, जणू सगळे आमचे सोयरे. पण मग माझ्या लक्षात आलं की या घरात देव माझ्या तोंडानं बोलतो.

पहिली लबाडी शनिवारी केली. सातव्या दिवशी काम करू नये हे पुस्तकात होतंच. मी त्याला शेपूट जोडलं, "विशेष करून मुलींनी शेण काढू नये." बाबांनी मान हलवली. त्या दिवसापासून दर शनिवारी शेण आई काढू लागली. मग मी कारल्यावर आले. कारलं हे कडू फळ आहे, ते लेकरांच्या ताटात वाढू नये. वाढलं गेलं नाही. दहावीला बसलेल्या मुलीला विहिरीवर पाठवू नये, हेही मी एका राजाच्या लढाईत मध्येच घातलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हा देव तुज्याच वर्गात हाय काय गो?" बाबांनी तिला गप्प केलं. पुस्तकावर शंका घ्यायची नाही.

खरं सांगायचं तर मला भाऊ-भाऊ एक करायची आज्ञाही घालता आली असती. दोनदा ती जिभेवर आली होती. पण धीर झाला नाही. कारल्याबद्दल खोटं बोलणं वेगळं आणि त्या पाण्याबद्दल खोटं बोलणं वेगळं, एवढं मला कळत होतं.

दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, मे महिना होता, आणि पावणेतीन वर्षांनी आम्ही पुस्तकाच्या दुसऱ्या भागात शिरलो होतो. आदल्या दिवशी सहज पुढचं पान चाळलं आणि अंगावर काटा आला. तिथं खरोखर लिहिलेलं होतं. देवाला काही वाहायला निघालास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर ते तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. नाव नाही, गाव नाही. सगळ्यांना सांगितलेलं.

मला आनंदानं झोप लागेना. सकाळी मी ते पान असं काही वाचलं की विचारू नका. एकही अडखळ नाही, घंटेसारखा आवाज.

बाबांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "हे तुजं हाय."

"नाही बाबा! शपथ. इथं बघा, लिहिलंय."

"मला काय दाखवतेस? कारल्याच्या येळी पन असाच आवाज काढलेलास. पुस्तकातलं वाचतेस तवा अडकतेस. मनातलं वाचतेस तवा गाडी कशी सुसाट जाते."

म्हणजे ते सगळं ओळखून होते. कारलंही, शेणही. मी विचारलं, "मग पाळलंत कशाला?"

"शब्द दिलाय. वाचलेलं करीन बोललो. कारलं काय, सोडता येतं." मग त्यांनी काकांच्या घराकडे बघितलं. "पन हे तुज्या बोलन्यावर करनार नाय. हे लिहिलेलं हाय का ते मला कळलं पायजे."

तो दिवस मला अजून आठवतो. सूर्य मावळायच्या आत त्या पानाचा निकाल लागायला हवा होता. गुरुजी सुट्टीला गावी गेलेले. शाळेची पोरं माझ्याच बाजूची, म्हणून बाद. सरपंच ओसरीवर रोज पेपर धरून बसायचे, पण त्यांना वाचता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त सरपंचांना वाटायचं की माहीत नाही. बाबांनी बायबल पिशवीत घालून दोन फेऱ्या मारल्या, घरी आले, जेवले नाहीत. चारच्या सुमारास उठले आणि ती वीस पावलं चालून गेले. मी मागून गेले. मला 'चल' म्हटलं नव्हतं आणि 'येऊ नको' असंही म्हटलं नव्हतं.

काका पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते, पायरीवर बसून पाय धूत होते. बाबांनी पुस्तक उघडून समोर धरलं. "हे पान वाच. मधी बोलू नको."

जवळजवळ चार वर्षांनी ते एकमेकांशी बोलले, आणि बोलले ते हे.

काकांनी हात पुसले आणि वाचायला लागले. कारखान्याची नोटीस वाचावी तसे, सरळ. त्या ओळीपाशी आले. खाकरले, वर न बघता पुढं वाचलं, पान संपवलं.

"असंच हाय?" बाबांनी विचारलं.

"असंच हाय."

बाबा वळून माझ्याकडे बघू लागले. पुस्तकात खरंच काहीतरी कामाचं निघालं याचं त्यांना माझ्याएवढंच नवल वाटलेलं दिसलं. तोवर काकी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाबांनी तांब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा असं लिहिलंय. मी आलो. पानी पी असं नाय लिहिलेलं."

आणि निघून आले. मला रडू आलं. एवढा मोठा देव, एवढं जाड पुस्तक, आणि त्यात एक तांब्या कमी पडला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी चौरंग मांडला नाही. पुस्तक काखेत मारलं आणि काकांकडे गेले. वाचायचं काम माझ्याकडून गेलं होतं. कायमचं. त्यानंतर रोज हेच. काकांची पाळी दुपारची असेल तर सकाळी, सकाळची असेल तर दुपारी. काका वाचणार, बाबा ऐकणार, काकी तांब्या आणणार, तांब्या तसाच आत जाणार. पानाखेरीज एक शब्द नाही. माणसं म्हणत, भाऊ बोलायला लागले. आई म्हणायची, "भाऊ नाय, पुस्तक बोलतंय."

आवणाचे दिवस आले. त्या दिवशी आमच्या खाचरात लावणी होती, माणसं येऊन थांबली होती आणि बाबा अजून काकांकडेच. आईनं मला बोलवायला पिटाळलं. मी काकांच्या पडवीशी पोचले तेव्हा काका वाचत होते, आणि मी दाराबाहेरच थांबले, कारण मला तो आवाज ओळखीचा वाटला, माझा कारल्याच्या वेळचा. एकही अडखळ नव्हती.

"एका मानसाला दोन पोरं होती," काका वाचत होते. "आनि घरात पाटी एक. थोरल्यानं पाटी सोडली म्हनून ती धाकट्याच्या हातात आली. आनि धाकटा शिकला. आनि शिकून त्यानं काय केलं, तर चार मानसांत थोरल्याला अंगठेबहाद्दर बोलला. आनि तेव्हापासून धाकटा वाचतो ते एकेक अक्षर त्याला टोचतं."

पुस्तकात दोन मुलांच्या बापाची गोष्ट आहे, पण ती अशी नाही, आणि ती आली असती तरी अजून काही पानांनी.

बाबा म्हणाले, "असं लिहिलंय?"

काका म्हणाले, "लिहिलंय."

"मंग थोरल्यानं काय केलं?"

काकांनी पानाच्या तळाशी बोट नेलं. मग हळूच म्हणाले, "पान संपलं. पुढचं उद्या."

एका दिवसाला एक पान. आजारपण असो, लग्न असो, बाबांनी कधी अर्धं सोडलं नव्हतं की दुसरं धरलं नव्हतं. ते म्हणाले, "उलट."

काकांनी पान उलटलं. नजर त्यावरून फिरवली. ओठ हलले, पण आवाज निघेना. थोरल्यानं काय केलं ते ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.

"येत नाय काय रे वाचायला?" बाबा म्हणाले. "आन इकडं."

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. चिखलानं भेगाळलेलं बोट पानाच्या मधोमध ठेवलं आणि ते सावकाश सरकवू लागले, दुसरीत सुटलेल्या पोरासारखे, प्रत्येक शब्दावर थांबत.

"थोरला... बोलला... पानी दे. ल‌ई तहान लागलीय."

काकी आत धावली नाही. तांब्या तिच्या हातातच होता, रोजच्यासारखा. बाबांनी वरून धार धरून पाणी प्यायलं, गळ्याची घाटी वरखाली होत होती, सदरा भिजला, आणि ते तांब्या रिकामा होईस्तोवर थांबले नाहीत. काका बसल्या जागी पोरासारखे रडत होते. बाबांनी तोंड पुसलं, पुस्तक मिटलं आणि मला दारात बघून म्हणाले, "चल गो, मानसं खोळंबली."

पुढं घर स्लॅबचं झालं. नव्या शतकातली गोष्ट. गवंड्यानं विचारलं, वर कठडा करायचा का? सगळे हसले. बाबा हसले नाहीत, त्यांनी स्वतः उंची मोजून दिली.

ती दोन पानं मी नंतर उघडून पाहिली. पहिल्यावर नदीकाठी लोकांना उपदेश करणारा एक माणूस आहे. दुसऱ्यावर, जिथं बाबांनी बोट ठेवलं होतं तिथं चिखलाचा डाग अजून आहे, आणि त्याखाली नुसती नावं आहेत. हा याचा मुलगा, तो त्याचा मुलगा, पार वरपर्यंत. पाण्याचं काही नाही. पण वाचलं ते त्याच दिवशी करायचं, एवढाच शब्द होता, आणि बाबांनी तो त्या दिवशीही पाळला.